ईस्टन एक्स-टेन: सत्तर मीटरचा बाण, पण कुणाच्या भात्यात?

बारा शाफ्ट (बाणाच्या काड्या), बारा पिना (ज्यांवर नॉक बसते), बारा नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच), बारा टंगस्टन पॉइंट (पुढची टोकं) आणि छत्तीस स्पिन विंग (पिसांच्या जागचे प्लॅस्टिकचे पंख). ईस्टन कंपनीच्या एक्स-टेन या बाणाचा एक संच उभा करायचा तर एवढा ऐवज जमवावा लागतो, कारण बाण तयार मिळत नाही, सुटे भाग मिळतात. सगळं आयात मालाच्या भावाने. एका डझनाला पाच आकडी रक्कम लागते आणि बऱ्याच घरांत ती रायझरच्या, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागाच्या, किमतीला जाऊन भिडते. म्हणून हा बाण कसा आहे हे तर बघूच, पण मुलाच्या किंवा मुलीच्या धनुर्विद्येत तो कोणत्या वर्षी घ्यावा, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. बहुतेक पालक तो दोन वर्षं आधी घेतात, आणि त्यात बाणाचं काही चुकत नाही.

हे परीक्षण रिकर्व्हपुरतं, म्हणजे टोकांना बाहेर वळलेल्या, बोटांनी ओढायच्या धनुष्यापुरतं आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या प्रकारात) विश्वविजेते झाले, ओजसने तर अंतिम लढतीत १५० पैकी १५० घेतले. त्यानंतर धनुर्विद्येकडे वळणारी मुलं वाढली. पण कंपाउंड ५० मीटरवरून, रिलीज नावाच्या खटक्याने सोडतात. त्या खेळासाठी ईस्टनचाच प्रोटूर हा वेगळा शाफ्ट आहे. इथे बोलतोय ते बोटांनी दोरी सोडणाऱ्यांबद्दल, म्हणजे फलटणजवळच्या सरड्याचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला ज्या प्रकारात खेळला, त्याबद्दल.

एक्स-टेन पहिल्यांदा १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये दिसला आणि तेव्हापासून मोठ्या स्पर्धांच्या शूटिंग लाइनवर त्याचंच राज्य आहे. आत ॲल्युमिनियमची बारीक नळी, तिच्यावर कार्बनचा थर. जाडीला पेन्सिलीहून कमी. आणि हा थर सगळीकडे सारखा नाही. पखवाजाचं खोड जसं मध्ये फुगीर आणि दोन्ही तोंडांना निमुळतं, तसा हा शाफ्ट आहे. फुगवटा डोळ्यांना पटकन दिसत नाही. शाफ्ट चिमटीत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवला की बोटांना कळतो.

या आकाराचा उपयोग काय? बोटांवरून दोरी सुटते तेव्हा ती सरळ पुढे जात नाही, आधी किंचित बाजूला सरकते. त्या धक्क्याने बाण वाकतो, मग उलट बाजूला वाकतो, आणि असा सळसळत रायझरच्या बाजूने निघून जातो. जितक्या लवकर ही सळसळ थांबेल तितका बाण पुढे शांत जातो. टोकं हलकी आणि मध्य ताठ असल्याने एक्स-टेन लवकर स्थिरावतो. शिवाय बारीक असूनही तो वजनदार आहे आणि पुढे टंगस्टनचा जड पॉइंट. ७० मीटर अंतर कापायला बाणाला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, आणि तेवढा वेळ आडवा वारा त्याला ढकलत असतो. अंगाने बारीक आणि वजनाने जड असलेल्या बाणावर वाऱ्याचा जोर कमी चालतो. ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ फक्त १२.२ सेंटिमीटरचं असतं. उघड्या मैदानावर, दुपारी वारा सुटल्यावर, साध्या समांतर (सगळीकडे सारख्या जाडीच्या) कार्बन बाणांचा ग्रुप (टारगेटवर लागलेल्या बाणांचा पुंजका) जिथे आठाच्या रिंगेत सरकतो तिथे एक्स-टेनचा नवाच्या रेषेवर राहतो. खेळाडूचा रिलीज (बोटांनी दोरी सोडणं) तसा असेल तर.

या ‘तर’मध्ये बरंच काही येतं.

पहिली अडचण वजनाची. अंडर-१८ गटात रिकर्व्ह ६० मीटरवर खेळतात, अंडर-२१ पासून ७० मीटर. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या बोटांवर दोरी ओढताना २८-३० पाउंड येत असतील आणि त्याला जड बाण दिला, तर तो लांबवर पोचवायला साइट (धनुष्यावरचं नेम धरायचं साधन) खाली, आणखी खाली आणावी लागते. एका मर्यादेनंतर साइटची पिन बाणाच्या वाटेतच येते. बाण निघताना स्पिन विंग साइटला घासते आणि एखादा बाण कारण नसताना टारगेटच्या खाली गवतात जातो. मुलाला वाटतं आपला रिलीज बिघडला. सरांना वाटतं मुलगा घाबरला. बाण त्या धनुष्याला जड आहे, एवढंच खरं कारण असतं.

दुसरी अडचण उंचीची, आणि ही जास्त महागात पडते. ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते माप) काढायचा ढोबळ हिशेब असा: दोन्ही हात पसरून मधल्या बोटापासून मधल्या बोटापर्यंतचं माप घ्या आणि अडीचने भागा. वाढीच्या वयात मुलाचा पसारा वर्षाला ७-८ सेंटिमीटरने वाढू शकतो, म्हणजे ड्रॉ लेंग्थ ३ सेंटिमीटरने, इंचाहून जास्त. रिकर्व्हमध्ये एक इंच जास्त ओढलं की साधारण २ पाउंड वाढतात. म्हणजे लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) न बदलता, स्क्रूला हात न लावता धनुष्य २ पाउंडांनी जड झालं, आणि त्याच वेळी क्लिकरखाली (पूर्ण ओढ झाली की टक् वाजणारी पट्टी) बाण आखूड पडायला लागला. जूनमध्ये कापलेला डझन पुढच्या जूनमध्ये आखूडही आणि मऊही (गरजेपेक्षा जास्त वाकणारा). आखूड झालेला बाण लांब करता येत नाही.

म्हणून एक्स-टेन घेण्याआधी या गोष्टी जुळलेल्या असाव्यात. गेल्या सहा महिन्यांत ड्रॉ लेंग्थ बदललेली नाही. क्लिकरवर, बोटांवर प्रत्यक्ष मोजलेले पाउंड मुलीला ३६ आणि मुलाला ४० च्या पुढे आहेत आणि त्याच लिंबवर तीन-चार महिने सराव झालाय. ७० मीटरवर सराव नियमित आहे. आणि ७२ बाणांच्या फेरीत ६०० च्या वरचा स्कोअर सरावात परत परत येतोय. ६०० म्हणजे बाणामागे सरासरी आठाच्या थोडं वर. त्याच्या खाली खेळाडूचा स्वतःचाच ग्रुप इतका पसरलेला असतो की बाणाबाणातला फरक त्यात दिसत नाही. तेच पैसे टॅब (बोटांवरचं चामडं), चांगलं प्लंजर (बाणाला बाजूने टेकू देणारी स्प्रिंगची पिन), वर्षभराच्या दोऱ्या आणि दोन जास्तीच्या स्पर्धांच्या प्रवासाला लावले तर गुण जास्त वाढतात.

पाउंड मोजण्यासाठी महागडं स्केल लागत नाही. प्रवासाच्या बॅगा मोजायचा डिजिटल वजनकाटा चालतो. त्याचा हुक दोरीला लावा, क्लिकर वाजेपर्यंत सरळ ओढा, आकडा वाचा. १८ किलो म्हणजे ४० पाउंडांच्या जरासं खाली. लिंबवर छापलेला आकडा २८ इंचांचा असतो. त्यावरून बाण निवडायचा नाही.

तोपर्यंत काय वापरायचं? पहिल्या वर्षी ॲल्युमिनियमचा साधा बाण, उदाहरणार्थ १७१६. त्याचे पहिले दोन आकडे जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. वाकतो, पण स्वस्त आहे आणि मुलं बाण हरवतातच. त्यानंतर बारीक समांतर कार्बन. मग ६० मीटरवर खेळणाऱ्या होतकरू मुलामुलींसाठी ईस्टनचा एसीई हा आमच्या मते सगळ्यात योग्य बाण आहे. घडण एक्स-टेनच्याच धर्तीची, ॲल्युमिनियमवर कार्बन, मध्ये फुगीर. पण त्याच स्पाइनला (ताठपणाला) वजन कमी, त्यामुळे ३२-३६ पाउंडांवर साइट आटोक्यात राहते. एसीईवर दोन वर्षं काढलेल्या खेळाडूला एक्स-टेनला जाताना काही नवीन शिकावं लागत नाही. बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळून रिकर्व्हला येणाऱ्या मुलांनीही हाच क्रम ठेवावा. इंडियन राउंडचा राष्ट्रीय पदकविजेता असला तरी क्लिकरवर तो नवखाच असतो.

आता घ्यायचाच ठरला, तर स्पाइनपासून सुरू करू. २८ इंचांवरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅम वजन टांगलं की तो किती वाकतो, इंचाच्या हजाराव्या भागात, तो त्याचा स्पाइन. ५०० म्हणजे अर्धा इंच. आकडा मोठा तितका बाण मऊ. बोटांवर ४० पाउंड आणि बाण २८ इंच असेल तर ५५० ते ६०० च्या आसपास शोध सुरू होतो. नेमका आकडा ईस्टनच्या तक्त्यावरून काढायचा. बाणाची लांबी नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या कापलेल्या टोकापर्यंत मोजतात, पॉइंट धरत नाहीत. ही चूक फार होते आणि एका चुकीत पूर्ण डझन एक घर ताठ येतो. दोन आकड्यांमध्ये अडकलात आणि येत्या वर्षात लिंब वाढवायची आहेत, तर ताठ घ्या. ताठ बाण जड पॉइंटने थोडा मऊ करता येतो, मऊ बाण ताठ करायला मात्र पॉइंट हलका करावा लागतो किंवा बाण कापावा लागतो.

शाफ्टवर स्पाइनशेजारी सी आणि एक अंक छापलेला असतो. तो वजनाचा गट. एका डझनात सगळ्यांवर एकच गट असला पाहिजे. हा अंक वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी चार शाफ्ट जास्तीचे मागवताना तोच गट मागायचा. नाहीतर नवे चार बाण वेगळ्या उंचीवर लागतात आणि स्पर्धेत कोणता बाण भात्यातून हाती येतो यावर गुण ठरतात.

कापणं पुढच्या टोकाकडूनच. मागचं निमुळतं टोक कापलं तर शाफ्टचा स्वभाव बदलतो, तो एकदम ताठ वागायला लागतो. हॅकसॉ किंवा पाइप कटर लावू नका, कार्बनचे तंतू उसवतात. वेगाने फिरणाऱ्या अपघर्षक चकतीचं ॲरो कटर लागतं आणि कापताना शाफ्ट बोटांनी सतत फिरवायचा. नाकावर मास्क हवा. कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला वाईट. सगळा डझन एकदम कापू नका. आधी तीनच, तेही हिशेबापेक्षा एक इंच लांब. त्यातला एक बेअर, म्हणजे विंगशिवाय. ट्यूनिंग बघत बघत पाच-पाच मिलिमीटर कमी करा. लांबी पक्की झाली की उरलेले नऊ त्या मापाला आणा.

पॉइंट बसवताना जास्त बाण मरतात. हॉटमेल्ट गोंद वापरायचा, इपॉक्सी नाही, कारण पॉइंट पुढे काढावे लागतात. टंगस्टन पॉइंट १२० ग्रेन वजनाचा येतो आणि मागची शेपटी पक्कडीने तोडून ११० किंवा १०० करता येतो. सुरुवात १२० नेच करा. तोडलेलं परत जोडता येत नाही. शाफ्टचं आतलं तोंड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कानकाडीने पुसा, दोन-तीन वेळा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. मग पॉइंटची शेपटी लहान ज्योतीवर गरम करा, गोंद फिरवून लावा, आणि फिरवत फिरवत आत सरकवा. आच शाफ्टला कधीच लागता कामा नये. चिमट्यात धरलेला पॉइंट इतका तापला असेल की बोट टेकवता येत नाही, तर तो आत घालायलाही जास्तच गरम आहे. आतल्या बाजूने कार्बनची राळ ढिली पडते आणि ते बाहेरून दिसत नाही. महिनाभराने शाफ्ट पॉइंटच्या मागे चिरतो आणि दोष बटला (बाण रुततात त्या टारगेटमागच्या गादीला) दिला जातो.

मागच्या टोकाला पिन येते आणि पिनवर नॉक. या बाणातली ही आमच्या मते सगळ्यात हुशार गोष्ट. ग्रुप जमायला लागला की बाण बाणाच्या मागे आदळतात. पिन नसेल तर तो घाव शाफ्ट फोडतो. इथे नॉक फुटते, पिन वाकते, शाफ्ट बहुधा वाचतो. पण वाकलेली पिन नुसत्या डोळ्याने दिसत नाही. पॉइंट तळहातावर टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवा आणि नॉककडे बघा. नॉक जागच्या जागी स्थिर फिरली तर ठीक. तिने बारीक वर्तुळ काढलं तर पिन बदला. हा एक बाण भात्यात राहिला तर प्रत्येक फेरीत एक सात येतो.

स्पिन विंग लावताना शाफ्ट आधी स्पिरिटने पुसा, तीन रेषा मार्करने आखा, नॉकच्या खाचेपासून सव्वा ते दीड इंच पुढे मागची कड येऊ द्या. सगळ्या बाणांवर अंतर एकच. दोन्ही टोकांना टेपचा एकच वेढा, घट्ट. हे पातळ प्लॅस्टिक उष्णतेला फार नाजूक आहे. मे महिन्यात नागपूर-अमरावतीकडे बंद गाडीत बाणांची केस दोन तास राहिली तर विंगचा पीळ उलगडतो आणि पॉइंटचा गोंदही सैल होतो. मग बाण ओढताना पॉइंट बटमध्येच राहतो. केस सावलीत, ओल्या टॉवेलखाली ठेवा.

ट्यूनिंगचं थोडक्यात. उजव्या हाताच्या खेळाडूने १८ मीटरवरून तीन विंगवाले आणि दोन बेअर बाण मारावेत, ते जुळले की ३० मीटरवर जावं. बेअर बाण ग्रुपच्या डावीकडे लागले तर बाण ताठ आहे: प्लंजरची स्प्रिंग मऊ करा, किंवा रायझरचे बोल्ट थोडे आत घेऊन पाउंड वाढवा. उजवीकडे लागले तर उलटं. बेअर बाण खाली लागले तर दोरीवरचा नॉकिंग पॉइंट (नॉक लावायची जागा) वर आहे, तो खाली घ्या. डावखुऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचावं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि किती फिरवली ते लिहा. प्लंजरचे दोन पूर्ण फेरे देऊनही बेअर बाण हटत नसतील तर स्पाइनच चुकला आहे, आणि तेव्हा विकणाऱ्याशी बोलण्याची वेळ असते. म्हणूनच तीन बाण आधी कापायचे.

मग बारा बाणांवर १ ते १२ अंक घाला. नाव किंवा आद्याक्षरं शाफ्टवर लागतातच, नियमच आहे, आणि एका फेरीतल्या सगळ्या बाणांच्या विंगचा आणि नॉकचा रंग एकच हवा. आठ-दहा फेऱ्या कोणता अंक कुठे लागला हे कागदावरच्या टारगेटवर टिपा. एखादा बाण सतत बाहेर जात असेल तर आधी नॉक फिरवा, मग पिन बदला, मग विंग. तरीही बाहेर जात असेल तर तो सरावापुरता. स्पर्धेला नेहमी एकमेकांशी सगळ्यात जुळलेले सहा पुढे, बाकीचे राखीव.

या बाणाच्या खोड्याही आहेत. बारीक असल्याने जुन्या, मध्यभागी पोकळ झालेल्या बटमधून तो आरपार जातो आणि विंग बटमध्ये सोलली जाते. क्लब जुने बट वापरत असेल तर मध्यभागी नवा फोम भरून घेतल्याशिवाय एक्स-टेन काढू नका. दाट नव्या फोममध्ये तो इतका घट्ट बसतो की मुलं वाकडा ओढतात. शाफ्ट बटला चिकटून जिथे आत शिरलाय तिथे रबरच्या पुलरने धरायचा, दुसरा हात टारगेटवर, आणि सरळ रेषेत पिळत काढायचा. गवतात गेला तर पावसाळ्यात काळ्या मातीत पूर्ण बुडतो. आत ॲल्युमिनियम असल्याने हातातला मेटल डिटेक्टर त्याला शोधतो. क्लबने मिळून एक घेतलाच पाहिजे, एका हंगामात त्याचे पैसे निघतात.

रोजचा सराव संपल्यावर प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून हलकासा वाकवा, कानाजवळ, पाव पाव फिरवत चार वेळा. बारीक करकर ऐकू आली किंवा बोटाला तंतू टोचला तर तो बाण त्याच क्षणी मोडून टाका, ‘सरावाला चालेल’ म्हणून ठेवू नका. चिरलेला कार्बन दोरी सुटताना तुटतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. क्लिकर जिथे घासतो ती जागाही बघा. तिथे काळा थर झिजून चमकदार पट्टा दिसायला लागतो. नॉकला केसाएवढी चीर असली तरी ती बदला. चिरलेली नॉक दोरीवर फुटली तर धनुष्य रिकामं सुटतं आणि लिंब जातात.

जुने एक्स-टेन हा अनेक घरांसाठी खरा पर्याय आहे. सीनिअर खेळाडू लिंब बदलतात तेव्हा चांगले शाफ्ट विकायला निघतात. घेताना पहिलं बघा लांबी: विकणाऱ्याचं नव्हे, आपल्या मुलाच्या क्लिकरचं माप लावून. आखूड बाण कोणत्याही किमतीला घेऊ नका. क्लिकर आत ओढून कसाबसा बसवला तरी दमलेल्या दिवशी मूल थोडं जास्त ओढतं, पॉइंट रेस्टवरून (बाण टेकतो त्या आधारावरून) मागे घसरतो आणि बाण हातात सुटतो. मग स्पाइन, ४८ पाउंडवाल्याचा ४१० स्पाइन ३६ पाउंडांच्या मुलीला लोखंडी सळईसारखा आहे. मग सगळ्यांवर एकच सी-गट आहे का, आणि मागचं टोक कापलेलं नाही ना. शेवटी प्रत्येक शाफ्टची वाकवून आणि फिरवून तपासणी, विकणाऱ्याच्या समोर. बारापैकी आठ नीट निघाले तर आठाचेच पैसे द्या. आठ बाणांवर एक पूर्ण हंगाम निघतो.